उन्हात वाढणारा रॉड

“मामा, कोकण रेल्वेवर तर सगळे दिव्यांचे सिग्नल. मग आम्हाला खटके नि रॉड कशाला शिकवतात?” सिग्नल मेंटेनरच्या ट्रेनिंगला गेलेला भाचा गणपतीत रत्नागिरीला आला, तेव्हाचा हा प्रश्न. माझ्या ताटातला मोदक तसाच राहिला.

जुन्या पद्धतीत केबिनमधला खटका ओढला की रुळालगत रोलरवरून जाणारा लोखंडी रॉड सरकतो आणि लांबवरच्या सांध्याची, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागेची, पाती हलते. ब्रॉडगेजवर पाती सरकते साधारण 115 मिलिमीटर. आता हिशेब करा. पोलाद दर अंशाला मीटरमागे 0.012 मिलिमीटर वाढतं. रॉड 200 मीटरचा असला आणि पहाटेपेक्षा दुपारी 20 अंशांनी जास्त तापला, तर वाढ 48 मिलिमीटर! खटका कोणी हलवला नाही, तरी पातीला जवळजवळ अर्धा धक्का बसला.

यावरचा उपाय मला फार आवडतो. आपल्याकडे विहिरीवर लाट असायची ना, एक टोक खाली की दुसरं वर? तसाच एक छोटा उभा दांडा रॉडच्या वाटेत, मधोमध खिळवून बसवतात. केबिनकडचा अर्धा रॉड त्याच्या वरच्या टोकाला, सांध्याकडचा अर्धा खालच्या टोकाला. उन्हाने पहिला अर्धा वाढला की वरचं टोक पुढे जातं, म्हणून खालचं तेवढंच मागे येतं. दुसरा अर्धा तेवढाच पुढे वाढतो. मागे गेलेलं नि पुढे वाढलेलं फिटलं, सांधा जागच्या जागी. मात्र केबिनमधून ढकललं की पलीकडे ओढलं जातं, हे ध्यानात ठेवून जोडणी करावी लागते.

भाचा अडकला तो पुढे. वाटेतल्या एखाद्या क्रँकने, म्हणजे खिळ्यावर फिरणाऱ्या जोडाने, आधीच ढकलण्याची दिशा उलटवली असेल, तर दांडा मधोमध बसवून भागत नाही. ढकलल्या जाणाऱ्या तुकड्यांची एकूण लांबी आणि ओढल्या जाणाऱ्यांची एकूण लांबी सारखी यायला हवी. शिवाय तो उभा बसवायचा तो सरासरी तापमानाला. पहाटेच्या गारव्यात जोडणी केली, तर मुद्दाम थोडा कलता ठेवावा लागतो. आणि खाऱ्या वाऱ्याने पिन गंजून दांडा जाम झाला, तर हा सगळा हिशेब वाया. केबिनच्या दाराला लिंबू-मिरची खुशाल बांधा, पण वंगणाचा डबा त्याआधी.

“आमच्या सांध्यांना मोटर असते,” भाचा म्हणाला. असते ना! रॉड आखूड झाला म्हणून दांड्याची गरज संपली, पाती तपासण्याची नाही. पाती आणि रूळ यांच्यामध्ये, टोकापासून 150 मिलिमीटरवर, 5 मिलिमीटर जाडीची पट्टी धरून मोटर चालवायची. सांधा लॉक होता कामा नये. झाला, तर सिग्नल देणंच बंद. ही पट्टी हाताने धरायची असते, संगणक धरत नाही.

भाच्याने पानावरच बोटाने दांडा काढला आणि विचारलं, “मामा, क्रँक दोन असले तर?”