आवाज पुढे, चित्र मागे: आकाशवाणीचे समालोचन आणि डिजिटल टीव्ही

क्रिकेटच्या सामन्याला टीव्हीचा आवाज बंद करून शेजारी ट्रान्झिस्टरवर आकाशवाणीचे समालोचन लावायची सवय ॲनालॉगच्या दिवसांत कुणाला अडचणीची वाटत नव्हती. दूरदर्शनचे कार्यक्रम १९८२नंतर उपग्रहावरून गावोगावच्या प्रक्षेपकांकडे जाऊ लागले, तेव्हा चित्राला थोडा उशीर होऊ लागला खरा. पण भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असला तरी सिग्नलच्या एका वर-खाली फेरीला पाव सेकंदच लागतो. समालोचक तसाही चेंडू पडल्यावर बोलतो. पाव सेकंद त्याच्या वाक्यात जिरून जायचा.

खरी फारकत झाली ती डीटीएच आणि सेट-टॉप बॉक्स घरात आल्यावर. डिजिटल एन्कोडर, म्हणजे चित्राची माहिती दाबून लहान करणारे यंत्र, प्रत्येक चौकट (फ्रेम) स्वतंत्रपणे पाठवत नाही. तो मागच्यापुढच्या चौकटींशी तुलना करून फक्त बदल पाठवतो, आणि पुढची चौकट हातात येईपर्यंत त्याला थांबावे लागते. मैदानावरून वाहिनीकडे येताना हे एकदा होते, वाहिनीकडून उपग्रहावर जाताना पुन्हा होते, आणि डीटीएच किंवा केबलवाल्याने सिग्नल उलगडून परत दाबला की तिसऱ्यांदा. त्यात बॉक्स दाखवण्याआधी थोडे चित्र साठवून ठेवतो, तो उशीर. प्रत्येक टप्पा छोटा, पण बेरीज काही सेकंदांची होते. मुंबईत केबलच्या डिजिटायझेशनची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ होती, पुणे-नागपूर-नाशिकसाठी ३१ मार्च २०१३. त्यानंतर रेडिओवर 'आउट' ऐकू यायचे तेव्हा टीव्हीवरचा गोलंदाज अजून धावतच असायचा.

उशिराचा इतिहास मात्र निव्वळ तंत्राचा नाही. आपल्याकडे सगळ्यात मोठा उशीर न्यायालयातून आला, आणि तो सेकंदांचा नव्हे, मिनिटांचा होता. जानेवारी २००७मध्ये वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला. प्रक्षेपणाचे हक्क एका खासगी कंपनीकडे होते. तिचे म्हणणे असे, की दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा कूटबद्ध नाही, म्हणजे डिश असलेल्या कुणालाही ती दिसते, तिचा सिग्नल शेजारच्या देशांत सांडतो आणि तिथल्या हक्कांची किंमत पडते. सार्वजनिक प्रसारकाचे म्हणणे, राष्ट्रीय महत्त्वाचा सामना सर्वांना दिसलाच पाहिजे. या भांडणात २१ जानेवारीचा नागपूरचा पहिला सामना दूरदर्शनवर दिसलाच नाही. दुसऱ्या सामन्याच्या तोंडावर दिल्ली उच्च न्यायालयाने मधला मार्ग काढला: दूरदर्शनने सामना दाखवावा, पण सात मिनिटे उशिराने.

सात मिनिटे म्हणजे एकदिवसीय सामन्यात साधारण दहा चेंडू. अशा चित्राला कुठलाही थेट आवाज जोडता येत नाही. हा उशीर कुणाच्या यंत्रात निर्माण झालेला नव्हता. पैसे भरून वाहिनी घेणाऱ्याला आधी आणि ॲन्टेनावाल्याला नंतर, एवढाच त्याचा अर्थ होता. तडजोड म्हणून त्याची तारीफ झाली. ती कोणाच्या पदरात पडली, हे मात्र फारसे विचारले गेले नाही. कंपनीची तक्रार अगदीच पोकळ नव्हती, सिग्नल खरोखर सीमेपलीकडे जात होता. पण तिची भरपाई लातूरच्या प्रेक्षकाने का करायची? सरकारने २ फेब्रुवारीला वटहुकूम काढला, तोवर ३१ जानेवारीला वडोदऱ्यात मालिका संपलीही होती. मार्चमध्ये कायदा झाला: हक्क असलेल्या कंपनीने थेट सिग्नल जाहिरातींविना सार्वजनिक प्रसारकाला द्यायचा, आणि कंपनी व प्रसारक यांनी टीव्हीवरच्या जाहिरातींचे उत्पन्न किमान ७५:२५ आणि रेडिओचे ५०:५० वाटून घ्यायचे.

पुढे ऑगस्ट २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा वाटून घेतलेला सिग्नल दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरील प्रक्षेपकांपुरता आणि मोफत डीटीएचपुरता मर्यादित केला. केबलवरच्या दूरदर्शनवर सामना नाही. त्यामुळे एकाच इमारतीत दोन घरांत दोन वेगळ्या वाटांनी चित्र येऊ लागले, आणि 'रेडिओ इतके सेकंद मागे ठेवा' असा एक आकडा सगळ्यांना सांगण्याची सोय राहिली नाही. एकाच घरातसुद्धा सामन्याच्या एसडी आणि एचडी वाहिन्या मागेपुढे असतात.

म्हणून फरक ज्याचा त्याने मोजायचा. रेडिओवर बॅटचा 'टक' ऐकू आला की मोबाइलचे स्टॉपवॉच सुरू करा, पडद्यावर बॅट लागलेली दिसली की थांबवा. पाच चेंडू मोजा आणि मधला आकडा धरा. गर्दीच्या आरोळीवर मोजू नका, ती हळूहळू चढते. ओठांशी आवाज जुळवायचा नसल्याने अर्ध्या सेकंदाची चूक चालते, फक्त टीव्ही पूर्ण मुका हवा. नाहीतर बॅट दोनदा वाजते.

रेडिओ पुढे असेल तर आवाज थोपवावा लागतो. जुन्या स्टुडिओत हे टेपवर होई: एका यंत्रावर ध्वनिमुद्रण, तीच टेप पुढच्या यंत्रावर वाजवायची. सेकंदाला १९ सेंटिमीटर वेग असेल तर सहा सेकंदांसाठी मुद्रण करणारे आणि वाजवणारे हेड यांच्यात ११४ सेंटिमीटर टेप. आज रेडिओच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून ती लॅपटॉपच्या लाइन-इनमध्ये घालून उशीर देणारे कुठलेही सॉफ्टवेअर चालते. मेमरीची काळजी नको. सीडीच्या दर्जाच्या मोनो आवाजालाही सेकंदाला ८८,२०० बाइटच लागतात. लॅपटॉपला फक्त माइकचे भोक असेल तर रेडिओचा आवाज अगदी कमी ठेवा, नाहीतर तो फाटतो. आत घेणारे आणि बाहेर सोडणारे साउंड कार्ड एकच ठेवा. दोन वेगळी असली आणि त्यांच्या घड्याळांत दहा लाखांत ५० इतका फरक असला, तर सात तासांत सव्वा सेकंद सरकतो. मीडियम वेव्हवर, म्हणजे पुण्यात ७९२ किलोहर्ट्झवर, लॅपटॉपचा ॲडॅप्टर आणि सेट-टॉप बॉक्स खरखर घालतात. रेडिओ दोन मीटर दूर न्या आणि आडवा फिरवून पाहा. आतल्या फेराइट दांड्याचे, म्हणजे रेडिओच्या आतल्या ॲन्टेनाचे, टोक त्रास देणाऱ्या वस्तूकडे आले की खरखर कमी होते. पण आकाशवाणीचा प्रक्षेपकही त्याच दिशेला असेल, तर समालोचनही क्षीण होते.

आता कधी चित्र आणखी मागे पडते, तर कधी बाजू उलटून आवाजच मागे राहतो. इंटरनेटवरून येणारे चित्र तुकड्यातुकड्यांनी येते; तुकडा आधी दहा सेकंदांचा असे, २०१६पासून सहाची शिफारस झाली, आणि प्लेअर साधारण तीन तुकडे हाताशी ठेवतो. म्हणजे १८ ते ३० सेकंद. मात्र आकाशवाणीचा आवाजही ॲपवरून घेतला तर तोही याच रांगेत उभा असतो, आणि डिश लावलेल्या घरात चित्रच पुढे निघून जाते. डीआरएम या डिजिटल रेडिओतही कोडिंगमुळे थोडा उशीर असतो. इंग्लंडमध्ये कसोटीचे समालोचन लाँग वेव्हवर जवळपास थेट ऐकू यायचे. २०२३च्या ॲशेसनंतर तेही बंद झाले.

चित्र पुढे असेल तर काम सोपे. रेकॉर्डिंगची सोय असलेल्या बॉक्सवर बॅटला चेंडू लागताक्षणी पॉज दाबा, रेडिओवर 'टक' ऐकू आला की प्ले. वाहिनी बदलली की पॉज रद्द होऊन चित्र पुन्हा थेट येते. ॲपचे इंटरनेट अडखळले तर आवाज आणखी मागे पडतो, आणि जुळणी पुढच्या षटकात परत करावी लागते.