गिनीपिगला किती चौरस फूट हवेत?

पाळीव प्राण्यांच्या दुकानात गिनीपिगची जोडी घेतली की सोबत बहुतेक वेळा एक रंगीत तारेचा पिंजराही गळ्यात मारला जातो. दीड फूट लांब, एक फूट रुंद, तळाला तारेची जाळी आणि जाळीखाली लेंड्या पडायला ट्रे. तेव्हा पिल्ले ओंजळीत मावतील एवढी असतात, म्हणून पिंजरा ऐसपैस वाटतो. पण गिनीपिग भराभर वाढतो. पूर्ण वाढलेला प्राणी आठ ते दहा इंच लांब आणि पाऊण ते सव्वा किलो वजनाचा होतो आणि नीट सांभाळला तर पाच ते आठ वर्षे जगतो. अशा दोघांना दीड चौरस फुटात वळता येते, पळता मात्र येत नाही.

मग किती जागा द्यायची? अमेरिकेच्या प्राणीकल्याण कायद्याखालच्या नियमांत 350 ग्रॅमपेक्षा जड गिनीपिगला किमान 101 चौरस इंच जागा सांगितली आहे. म्हणजे साधारण ए-फोर आकाराचा एक कागद. प्रयोगशाळेत प्राणी ठेवणाऱ्यांनाही लागू होणारी ही मर्यादा आहे. याहून कमी दिलेत तर कायदा मोडतो, एवढाच तिचा अर्थ. तेवढ्यात प्राणी सुखी राहतो, असे ती सांगत नाही. घरी पाळणाऱ्यांसाठी त्याच देशातल्या ह्यूमेन सोसायटी या प्राणीकल्याण संस्थेने दोन गिनीपिगना किमान साडेसात चौरस फूट आणि तिघांना साडेदहा चौरस फूट असा आकडा सुचवला. तो आज जगभर बऱ्यापैकी मान्य आहे, आणि मलाही तो किमान म्हणूनच पटतो. जमले तर दोघांनाच साडेदहा द्यावेत.

वन बीएचकेत राहणाऱ्याला हा आकडा ऐकून धडकी भरते. मुंबईत चौरस फुटाचा भाव काय आहे हे कोणाला सांगायला नको. पण गिनीपिगच्या शरीराची ठेवण आणि त्याचा इतिहास पाहिला की लक्षात येते, लहान घर आणि हा प्राणी यांचे मुळात वाकडे नाही.

गिनीपिग माणसाळला तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतराजीत, काही हजार वर्षांपूर्वी, आणि तोही मांसासाठी. तिथे त्याला 'कुय' म्हणतात. पेरू, बोलिव्हिया, इक्वाडोरच्या डोंगराळ गावांत आजही कित्येक घरांत कुय थेट स्वयंपाकघरात वाढतात. एका खोलीचे मातीचे घर, कोपऱ्यात चूल, आणि जमिनीवर मोकळे फिरणारे दहा-बारा प्राणी. भाजीची साले, मक्याची पाने, बाहेरून कापून आणलेले गवत त्यांच्यापुढे टाकायचे. रात्री चुलीची ऊब त्यांनाही मिळते. घर लहान असले तरी जमीन सगळी त्यांची असते. पिंजरा नंतर आला. सोळाव्या शतकात हा प्राणी युरोपात पोहोचला, हौसेने पाळला जाऊ लागला, पुढे प्रयोगशाळांत गेला आणि तिथल्या खोक्यांची मापे हळूहळू घरातही आली.

त्याचे रानातले भाऊबंद उंच गवतातल्या मळलेल्या वाटांवरून पळत असतात. वरून ससाण्याची सावली दिसली की गवतात शिरायचे, हा त्यांचा बचाव. पाळीव गिनीपिगनेही हीच सवय जपली आहे. तो भिंतीला चिकटून पळतो आणि खोलीच्या मध्यभागी मोकळ्यावर थांबायला घाबरतो. तो मांजरासारखा उडी मारत नाही, उंदरासारखा चढत नाही. पाय आखूड, अंग जड, त्यामुळे दोन फुटांवरून पडला तरी हाड मोडू शकते. म्हणूनच दुमजली, तिमजली पिंजरे घेऊन जागा वाचवता येत नाही. वरचा मजला त्याच्या लेखी फारसा नसतोच. हॅमस्टरचे फिरते चाकही त्याला देऊ नये, त्याची पाठ तशी वाकत नाही. त्याला हवी लांबलचक, सपाट, सरळ जमीन. म्हणून चौकोनी तुकड्यापेक्षा लांबट पट्टा चांगला. मनासारखी जागा मिळाली की तरुण गिनीपिग धावता धावता अचानक चारी पायांवर उसळतो, हवेतच अंगाला झटका देतो आणि दुसरीकडे तोंड करून उतरतो. दीड फुटी पिंजऱ्यात हे सहसा दिसत नाही, कारण धाव घ्यायलाच वाव नसतो.

पण माझ्या मते जागेचा खरा प्रश्न पळण्याहूनही भांडणाचा आहे. गिनीपिग कळपात राहणारा प्राणी आहे. स्वित्झर्लंडने तर 2008 च्या प्राणीसंरक्षण नियमांनुसार एकटा गिनीपिग पाळायला मनाई केली. जर्मन प्राणीशास्त्रज्ञ नॉर्बर्ट झाख्सर यांनी सहकाऱ्यांसह या प्राण्याच्या समाजजीवनाचा कित्येक वर्षे अभ्यास केला. अनोळखी जागी एकट्या सोडलेल्या नराच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक बरेच वाढते. त्याची नेहमीची जोडीदारीण सोबत असेल तर ही वाढ स्पष्टपणे कमी होते. अनोळखी मादीने तसा दिलासा मिळत नाही.

झाख्सर यांचे आणखी एक निरीक्षण घरी पाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मोठ्या कळपात वाढलेले नर गर्दी झाली तरी फारशी मारामारी करत नाहीत. कळपाचे आपोआप छोटे गट पडतात, प्रत्येक गटाचा एक प्रमुख नर असतो आणि तो सहसा दुसऱ्याच्या कोपऱ्यात नाक खुपसत नाही. गर्दीतही सलोखा टिकतो, कारण लहानपणी मोठ्यांकडून दबून राहायचे वळण लागलेले असते आणि बाजूला सरकायला कोपराही असतो. एकट्याने वाढलेल्या नरांना हे जमत नाही. नव्या कळपात ते भांडतात, त्यांचे वजन घटते आणि कॉर्टिसॉल चढते.

घरातल्या दोन नरांकडे जरा वेळ बसून पाहा. एक जण कंबर डोलवत, खालच्या पट्टीत घुरघुरत दुसऱ्याभोवती फिरतो. दुसरा दात कटकटवतो. मग एक जण मान वळवून निघून जातो आणि पलीकडे गवत खायला लागतो. वाद मिटला. आता हेच दीड फुटांत घडले तर हरलेल्याने जायचे कुठे? तो जिंकणाऱ्याच्या नजरेसमोरच राहतो, जिंकणाऱ्याला वाटते हा अजून उभाच आहे, आणि मग चावाचावी होते. 'आमचे गिनीपिग भांडतात, वेगळे करावे लागले' असे म्हणणाऱ्या घरांत बऱ्याचदा स्वभावापेक्षा जागा आडवी आलेली असते. याच कारणाने लपायची खोकी प्राण्यांच्या संख्येइतकी हवीत आणि प्रत्येकाला दोन दारे हवीत. एकच दार असले की आत शिरलेला कोंडीत सापडतो.

दुसरी गोष्ट मुताची. गिनीपिग दिवसभर खातो आणि दिवसभर मुततो. जागा कमी असली की तळ कायम ओला राहतो, अमोनिया तयार होतो आणि तो नेमका त्याच्या नाकाच्या उंचीवर साठतो. त्यातून श्वसनाचे आजार बळावतात. तळपायाला केस नसल्यामुळे ओल्या किंवा जाळीदार तळावर फोड येऊन जखमा होतात आणि त्या लवकर बऱ्या होत नाहीत.

आता घरात जागा कुठे काढायची ते पाहू. चार बाय दोनच्या अभ्यासाच्या टेबलाखाली आठ चौरस फूट जमीन रिकामीच असते. टेबलाचा एक पाय भिंतीशी असेल तर तिथला पट्टा पुढे अजून फूटभर वाढवता येतो. पिंजरा घरीच बनवावा. चौदा इंची तारेच्या चौकटी केबल टायने एकमेकींना बांधायच्या. दोन चौकटी रुंद आणि चार लांब असा आयत केला की सुमारे अकरा चौरस फूट होतात. तळाला सनपॅकची, म्हणजे फलक छापणाऱ्यांकडे मिळते ती नळीदार प्लास्टिकची शीट. तिच्या कडा सहा इंच वर दुमडून तबक करायचे. घरात मांजर किंवा कुत्रा नसेल तर वर झाकणही लागत नाही. तबकात खाली जुने टॉवेल, वर फ्लीसचे कापड. फ्लीस ओल खाली सोडते आणि वरून कोरडे राहते. पावसाळ्यात मात्र एक जोड वाळेपर्यंत दुसरा ओला होतो, म्हणून तीन-चार जोड ठेवावे लागतात. सुके गवतही त्या दिवसांत बुरशी धरते, ते हवाबंद ठेवू नये आणि वास बदलला की फेकून द्यावे.

बाल्कनी टाळावी. ऊन, पाऊस, कावळे आणि मांजरे, सगळेच तिथे येते. गिनीपिगला साधारण 18 ते 24 अंश तापमान मानवते. तिशीच्या वर उष्माघाताचा धोका असतो, आणि विदर्भातला मे महिना तर त्याच्यासाठी जीवघेणाच. पंखा, थंड फरशीचा एक तुकडा, फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली आणि भर दुपारी ओढलेले पडदे एवढे तरी हवे. स्वयंपाकघरही नको, कुकरच्या शिट्टीने तो दचकून सैरावैरा पळतो. माणसांच्या वावरातली पण गडबडीची नसलेली जागा सर्वांत बरी. फ्रिजचे दार उघडले किंवा भाजीची पिशवी वाजली की ही मंडळी 'व्हीक व्हीक' करून घर डोक्यावर घेतात, आणि तो आवाज ऐकू यावा अशा ठिकाणी ती असावीत. दिवसातून एकदा खोलीचे दार लावून, विजेच्या वायरी उचलून, त्यांना जमिनीवर सोडावे. दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीकडेने खोके, उलटी टोपली, खुर्चीचे पाय असे आडोसे ठेवले तर तीही त्यांना पुरते. आडोसा नसेल तर ते एकाच कोपऱ्यात दबून बसतात आणि आपल्याला वाटते, यांना फिरायची हौसच नाही.

जागा वाचवायला ससा आणि गिनीपिग एकत्र ठेवू नयेत. सशाची एक लाथ गिनीपिगला जबर जखमी करू शकते. शिवाय बॉर्डेटेला नावाचा जीवाणू सशात काही लक्षण न दाखवता राहतो आणि गिनीपिगला न्यूमोनिया देतो.

आणि सगळा हिशेब कोलमडतो तो पिल्लांनी. दुकानदार 'दोन्ही माद्याच आहेत' म्हणतो आणि दोन-अडीच महिन्यांत टेबलाखाली पाच जण होतात. गर्भकाळ साधारण 59 ते 72 दिवसांचा, एका वेतात बहुधा दोन ते चार पिल्ले, आणि विल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. पिल्ले जन्मतःच केसाळ, डोळे उघडे, काही तासांत पळू लागणारी. नर पिल्ले तीन आठवड्यांची झाली की आई-बहिणींपासून वेगळी काढावी लागतात, म्हणजे दुसरा पिंजरा आला. मादीचा पहिला गर्भ सहा-सात महिन्यांनंतर राहिला तर तिच्या कटिबंधाची हाडे घट्ट जुळलेली असतात आणि प्रसूतीत जीव जाऊ शकतो. म्हणून प्राणी घरी आणला की त्याच आठवड्यात, लहान प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून दोघांचे लिंग तपासून घ्यावे. दोन माद्या, किंवा खच्चीकरण केलेला नर आणि एक मादी, ही लहान घराला मानवणारी जोडी. दोन नर ठेवायचे असतील तर जागा साडेदहा चौरस फुटांच्या खाली जाऊ देऊ नये.