क्ष-किरणांच्या वर्णपटातली नागमोडी रेघ

एखाद्या पदार्थात लोखंड आहे हे कळणे वेगळे, आणि लोखंडाच्या अणूशेजारी कोण आहे, किती अंतरावर आहे, हे कळणे वेगळे. या दुसऱ्या प्रश्नासाठी आज संशोधक सिंक्रोट्रॉनकडे, म्हणजे इलेक्ट्रॉनांना वर्तुळात प्रचंड वेगाने फिरवणाऱ्या कणत्वरकाकडे, धाव घेतात. त्याला लागणारा प्रकाश मात्र कणत्वरक बांधणाऱ्यांच्या लेखी निव्वळ तोटा होता, आणि त्यातून मिळणारी रेघ वर्णपट (कोणत्या ऊर्जेचे किरण किती शोषले जातात याचा आलेख) घेणाऱ्यांना कित्येक वर्षे वाचता येत नव्हती.

आधी रेघेबद्दल. क्ष-किरणांची ऊर्जा हळूहळू वाढवत नेली की एका टप्प्याला पदार्थाचे शोषण एकदम उसळते, कारण तिथे अणूच्या सर्वांत आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन सुटतो. या उसळीला ‘कड’ म्हणतात. लोखंडासाठी हा टप्पा ७११२ इलेक्ट्रॉनव्होल्टचा (हे ऊर्जेचे एक सूक्ष्म एकक), तांब्यासाठी ८९७९ चा. प्रत्येक मूलद्रव्याची कड वेगळी, त्यामुळे शंभर गोष्टींच्या मिश्रणातूनही हवे तेच मूलद्रव्य गाठता येते. १९१३ मध्ये मॉरिस द ब्रॉयी यांच्या छायाचित्रांत अशा कडा उमटल्या, त्याही नमुन्याच्या नव्हे तर फोटोच्या लेपातल्याच चांदीच्या आणि ब्रोमिनच्या. १९२० मध्ये स्वीडनमधल्या लुंडला ह्यूगो फ्रिके यांनी दाखवले की कडेपाशी बारीक चढउतार असतात. पुढे लक्षात आले की ते कडेच्या पलीकडे शेकडो इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत चालू राहतात.

हे चढउतार कशामुळे? राल्फ क्रोनिग यांनी याची दोन उत्तरे दिली. १९३१ मध्ये त्यांनी स्फटिकाच्या दूरवर पसरलेल्या रचनेकडे बोट दाखवले, तर १९३२ मध्ये रेणूंचा विचार करताना जवळच्या शेजाऱ्यांकडे. दुसरा विचार मुळात बरोबर होता. सुटलेला इलेक्ट्रॉन लाटेसारखा पसरतो, शेजारच्या अणूंवर आपटून थोडा मागे फिरतो, आणि जाणारी व येणारी लाट एकमेकींत मिसळून शोषण कमी-जास्त करते. पण एकाच माणसाची दोन स्पष्टीकरणे हाताशी असल्याने कोणते कुठे लावायचे हा घोळ दीर्घकाळ चालला.

तो मिटला १९७१ साली. वॉशिंग्टन विद्यापीठातले एडवर्ड स्टर्न, त्यांचे विद्यार्थी डेल सेयर्स आणि बोइंग कंपनीच्या प्रयोगशाळेतले फॅरेल लायटल यांनी त्या नागमोडी रेघेचे फूरियर रूपांतर केले, म्हणजे गणिताने तिच्यात मिसळलेल्या लाटा वेगवेगळ्या केल्या, आणि अंतरांच्या आलेखावर शेजारी अणूंची शिखरे उभी राहिली. नमुना जर्मेनियमचा होता, स्फटिक आणि अस्फटिक दोन्ही रूपांतला. अस्फटिकातही पहिले शिखर ठळक दिसते, म्हणजे दूरवरच्या रचनेची गरजच नाही. शिखरे खऱ्या अंतराच्या थोडी अलीकडे येतात. हा फरक ठाऊक असलेल्या संयुगांवरून सुधारून घ्यावा लागतो. तरी माझ्या मते या विषयाचा खरा जन्म इथेच झाला.

आता प्रकाश. वर्तुळात वळणारा वेगवान इलेक्ट्रॉन किरणांच्या रूपाने ऊर्जा गमावतो, हे सिद्धांताने आधीच सांगितले होते. १९४४ मध्ये इवानेन्को आणि पोमेरांचुक यांनी तर यामुळे बीटाट्रॉन या इलेक्ट्रॉन-त्वरकाच्या ऊर्जेवर मर्यादा येईल असा इशाराच दिला. पण प्रत्यक्ष प्रकाश दिसला २४ एप्रिल १९४७ रोजी, न्यूयॉर्क राज्यातल्या स्कनेक्टडी येथे, जनरल इलेक्ट्रिकच्या ७० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या सिंक्रोट्रॉनवर. यंत्रात कुठे ठिणग्या उडताहेत का, हे बघायला एक तंत्रज्ञ काँक्रीटच्या भिंतीआडून आरसा धरून डोकावत होता. निर्वात नळी नशिबाने पारदर्शक काचेची होती. त्याला विद्युत्-ज्योत पेटल्यासारखे काही दिसले. तपासाअंती ठरले की तो प्रकाश खुद्द इलेक्ट्रॉनांचाच आहे.

कणभौतिकीवाल्यांनी पुढेही त्याकडे खर्चाची बाब म्हणूनच पाहिले. वर्णपटवाले त्यांच्या यंत्रांवर पाहुण्यासारखे राहिले. मुख्य प्रयोग कणांचे, उरलेला प्रकाश यांचा. स्टॅनफर्डच्या ‘स्पिअर’ या स्टोरेज रिंगवर (कण दीर्घकाळ फिरत ठेवणाऱ्या वर्तुळावर) १९७४ पासून बाहेरच्या संशोधकांना क्ष-किरण मिळू लागले. लायटल यांनी पुढे लिहून ठेवले आहे की तिथल्या एका खेपेत तीन दिवसांत जी मोजमापे हाती आली, ती आधीच्या दहा वर्षांतल्या मोजमापांपेक्षा जास्त आणि चांगली होती. परत आल्यावर त्यांनी आपल्या प्रयोगशाळेतले तिन्ही वर्णपटमापक बंद केले. मग केवळ प्रकाशासाठी बांधलेली यंत्रे आली, आणि १९९० च्या दशकात फ्रान्समधल्या ग्रेनोबल, अमेरिकेतल्या आर्गोन आणि जपानमधल्या ‘स्प्रिंग-८’ची महाकाय वर्तुळे.

या तंत्राने काय साधते, याचे एक उदाहरण सविस्तर द्यायला हवे. हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करणाऱ्या नायट्रोजनेज या विकराच्या गाभ्यात मॉलिब्डेनम असतो. स्फटिकरचना हाती नसताना, १९७८ मध्ये, कीथ हॉजसन, स्टीफन क्रेमर आणि सहकाऱ्यांनी शोषणाच्या वर्णपटावरून सांगितले की त्याच्याभोवती गंधक आणि लोखंड आहे. १९९२ मध्ये स्फटिकरचना आली आणि हा अंदाज खरा ठरला. पुढे, २००२ मध्ये, गाभ्याच्या ऐन मध्यभागी एक हलका अणू आढळला. तो कार्बन, नायट्रोजन की ऑक्सिजन? इथे शोषणाच्या रेघेचा उपयोग नव्हता, कारण हे तिघे लाटेला जवळपास सारखेच परतवतात. म्हणून शोषणाऐवजी बाहेर पडणाऱ्या क्ष-किरणांकडे वळावे लागले. लोखंडात आतल्या कवचात पडलेली पोकळी शेजारच्या अणूवरच्या इलेक्ट्रॉनाने भरली, की निघणाऱ्या किरणाची ऊर्जा तो शेजारी कोण यावर ठरते. २०११ मध्ये त्या मोजमापाने उत्तर दिले: कार्बन.