घुसलेल्या तुकड्याने दाखवलेली जनुके : पार्श्वभूमी

नागपुरात कापसाच्या वाणांवर कुणीही बोलते. १९७६ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय कापूस संशोधन संस्था इथेच, वर्धा रोडवर आहे. पण पिकातला एखादा गुण नेमक्या कोणत्या जनुकामुळे येतो, हे शास्त्रज्ञांना कळते कसे? हा इतिहास फारसा सांगितला जात नाही, आणि तो सांगायलाच हवा.

विदर्भात पेरला गेलेला टीएजी-२४ हा भुईमूग किरणांच्या माऱ्याने घडवलेल्या उत्परिवर्ती, म्हणजे डीएनएत बदल झालेल्या, रोपांच्या वंशातला. त्या मार्गाने उत्तम वाण मिळतात. मात्र डीएनए कुठे बिघडला, याची खूण किरणे मागे ठेवत नाहीत. त्याऐवजी ओळखीचा डीएनए-तुकडा जनुकात घुसला, तर जनुक बंद पडते आणि तुकडा जागेवरच राहतो. तुकडा सापडला की त्याच्या दोन्ही बाजूंचा डीएनए वाचायचा, जनुक हाती येते.

असे तुकडे निसर्गातच आहेत, हे अमेरिकी शास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४० च्या दशकात मक्यात दाखवले. रंगाच्या जनुकात असा तुकडा बसला की दाणा फिका राहतो. दाणा वाढताना एखाद्या पेशीतून तो उडून गेला, तर त्या पेशीच्या वंशात रंग परततो आणि दाण्यावर जांभळा ठिपका उमटतो. तुकडा लवकर उडाला तर ठिपका मोठा, उशिरा उडाला तर बारीक. निव्वळ ठिपक्यांवरून त्यांनी हे ताडले! नोबेल मिळायला मात्र १९८३ उजाडले. पुढच्याच वर्षी मक्याचे रंगाचे एक जनुक याच तुकड्याच्या आधाराने वेगळे करण्यात आले.

दुसरा मार्ग ॲग्रोबॅक्टेरियम या मातीतल्या जिवाणूचा. तो स्वतःचा डीएनए वनस्पतीत घुसवतो, हे १९७७ मध्ये सिद्ध झाले. भातात जपानी शास्त्रज्ञांना १९९६ मध्ये टॉस१७ हा तुकडा गवसला. एरवी तो निपचित असतो, पण ऊतीसंवर्धनात, म्हणजे झाडाचा बारीक तुकडा प्रयोगशाळेत वाढवताना, जागा होऊन नव्या नकला घुसवतो. बाहेरचे जनुक घालावेच लागत नाही.

कापसात मात्र घोडे अडले. अमेरिकन कपाशीत ५२ गुणसूत्रे, म्हणजे दोन पूर्वजांचे संच एकत्र. एका संचातले जनुक बंद पडले तर दुसऱ्यातले काम सांभाळून घेते आणि झाड धडधाकट दिसते. शिवाय ऊतीपासून रोप उभे करणे मोजक्याच वाणांत साधते.

म्हणून कापसाला उत्तर बरेचदा दुसऱ्या झाडांतून मिळाले. मोहरीच्या कुळातल्या ॲराबिडॉप्सिस या इवल्या रोपाच्या पानांवर लव असते. १९८९ मध्ये जिवाणूचा डीएनए घुसलेले एक बिनलवेचे रोप अभ्यासताना लव उगवायला लावणारे जनुक सापडले. कापसाचा तंतू म्हणजे सरकीच्या सालीतली लांबलेली एकच पेशी, पानावरच्या लवेची सख्खी बहीण. २००४ मध्ये देशी कपाशीच्या जातीतले तसेच जनुक बिनलवेच्या रोपात घातले आणि पानांवर लव परतली. आज जनुक-संपादनाने कपाशीच्या दोन्ही संचांतली जनुके एकाच वेळी कापता येतात. कोणती कापायची, हे ठरवताना अशाच जुन्या उत्परिवर्ती रोपांच्या नोंदी चाळाव्या लागतात.