समाजमंदिराचे खांब कुठून येणार?

मे महिन्यात भुसावळचा पारा 45 अंशांपुढे सरकतो, तेव्हा गावातलं समाजमंदिर कुलूपबंद असतं आणि माणसं निंबाखालच्या पारावर बसलेली असतात. पत्र्याखाली दुपारी कोण बसणार? झाडाझुडपांशी जवळीक राखणारी, लाकडाची सार्वजनिक वास्तू बांधावी असं आता वास्तुरचनाकार म्हणू लागले आहेत. चांगलंच आहे. पण खानदेशात अशी बांधणी होतीच. ती मोडली कशी हे समजून घ्यायचं, तर जंगल कोणाच्या हातून कोणाकडे गेलं इथून सुरुवात करावी लागते.

तापीकाठच्या सपाट भागात पाऊस बेताचा, म्हणून घरं धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची. जाड मातीच्या भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या म्हणजे आडवी बारीक लाकडं, त्यावर किलचण म्हणजे काटक्या-फळ्यांचा थर, पाला आणि वर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात रात्री सगळं घर धाब्यावर झोपायला. घर किती मोठं हे चौरस फुटांत कोणी सांगत नसे. ‘पाच खणांचं’, ‘सात खणांचं’ असं सांगत. कडी जेवढी पोचेल तेवढाच खण, म्हणजे खोलीचं माप झाडानंच ठरवलेलं. देवळाचा सभामंडप, चावडी हीसुद्धा याच हिशेबानं उभी राहत, म्हणून त्यांत खांबांच्या ओळी असत. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. खांब असला की माणूस त्याला टेकून बसतो. पोथी दोन तास चालली तरी उठत नाही. मधे एकही खांब नसलेल्या मोठ्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडाव्या लागतात.

उत्तरेला सातपुड्यात पाऊस जास्त, म्हणून छपरं उतरती. पावरा आणि भिल्लांची घरं सागाच्या खांबांची, बांबूच्या तट्ट्यांवर शेणमातीचा लेप दिलेली. असं घर सोडवून दुसरीकडे पुन्हा उभं करता येतं. सरदार सरोवराच्या पाण्यामुळे नर्मदाकाठची गावं उठली, तेव्हा अनेकांनी घराचं लाकूड सोबत नेलं.

1818मध्ये पेशवाई गेली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. सातपुड्याच्या आणि शेजारच्या डांगच्या सागावर त्यांची नजर होतीच. मुंबईच्या गोदीला जहाजांसाठी साग हवा होता. 1860च्या दशकात रेल्वे भुसावळला पोचली आणि रुळांखालच्या स्लीपरसाठीही लाकूड लागू लागलं. 1865चा आणि मग 1878चा वन कायदा आला. दुसऱ्या कायद्यानं जंगलाचे राखीव, संरक्षित आणि गावासाठीचं ग्रामवन असे तीन प्रकार केले. ग्रामवन बहुतेक कागदावरच राहिलं. ज्या झाडाचा खांब आजोबानं सहज आणला, तेच झाड तोडल्याबद्दल नातवावर गुन्हा, अशी गत झाली.

या सगळ्यात एक प्रसंग वेगळा उठून दिसतो, आणि खानदेशी माणूस तो जरा अभिमानानंच सांगतो. डिसेंबर 1936मध्ये काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात भरलं, ते यावल तालुक्यातल्या फैजपूरला. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधीजींचा आग्रह होता की अधिवेशनाचं नगर उभारायचं ते गावच्या वस्तूंनी आणि गावच्या हातांनी. त्यासाठी शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस आले. त्यांच्या जोडीला वास्तुविशारद म्हात्रे होते. नगराला नाव दिलं टिळकनगर. कमानी, मंडप, प्रदर्शनाची दालनं अशी बांबू आणि तशाच साध्या साहित्यातून उभी राहिली. खादी-ग्रामोद्योग प्रदर्शनाच्या उद्घाटनात गांधीजींनी या कलावंतांचं मोकळेपणानं कौतुक केलं. अधिवेशन संपलं, नगर उतरवलं गेलं. हजारो माणसांना सामावणारी वास्तू या मुलखात बांबूवर उभी राहू शकते, हे मात्र तेव्हा सिद्ध झालं.

स्वातंत्र्यानंतर वाट उलटीच धरली गेली. 1964च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्यानं स्वतःच्या शेतातला साग तोडायलाही परवानगी लागू लागली. जंगलाची अवस्था बघता हेतू चुकीचा नव्हता. पण गावच्या सुतारासाठी सिमेंटची गोणी आणणं सोपं आणि साग तोडायच्या परवानगीचा कागद मिळवणं अवघड, असं होऊन बसलं. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्यानं 1993मध्ये आपल्या इमारतींत लाकूड वापरायला बंदी केली. ती 2020मध्ये उठली. मधल्या सत्तावीस वर्षांत अख्खी पिढी लाकडाचं काम न करता अभियंता झाली.

2006च्या वनहक्क कायद्यानं चित्र थोडं बदललं. ग्रामसभेनं शिफारस केली, तर शाळा, अंगणवाडी, समाजकेंद्र यांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते. हेक्टरी 75पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. याच कायद्यानं गौण वनोपज गावाचं ठरवलं. त्यात बांबू आहे, इमारती लाकूड नाही. म्हणजे आज सातपुड्यातल्या अक्राणी तालुक्यातल्या एखाद्या पाड्याला सभागृह बांधायचं झालं, तर सागाचा खांब अजूनही परक्याचा, बांबू मात्र हक्काचा. त्यातच 2017मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेताच्या बांधावरचा बांबूही मोकळा झाला.

फैजपूरचा बांबू थोडेच दिवस टिकायचा होता. सभागृहाला बरीच वर्षं काढायची आहेत. म्हणून पेर बघून पक्का बांबू निवडायचा, बोरॅक्सच्या पाण्यात मुरवायचा, बुंधा मातीत न गाडता तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीवर ठेवायचा आणि पागोळीचं पाणी भिंतीपासून दूर पडेल इतकं छप्पर पुढे काढायचं.