दोन दुकानांचा डेटा एकत्र करायचाय? आधी हे वाचा

बरेच शेठ फोनवर सांगतात, मेन दुकानात टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) आहे, गोडाऊनला विंडोजच्या आधीचं जुनं डॉसवालं सॉफ्टवेअर चालतं आणि उधारी मुलाने एक्सेलमधे ठेवलीय, सगळं एकात करून द्या, बटण दाबलं की होत असेल ना? नाही होत. फाईली इकडून तिकडे न्यायला फार वेळ लागत नाही, दिवस जातात ते एकच पार्टी (म्हणजे गिऱ्हाईक किंवा व्यापारी) किती नावांनी बसलीय ते शोधण्यात.

हार्डवेअरचं दुकान धरा. मेनला "महालक्ष्मी ट्रेडर्स", गोडाऊनला "महालक्ष्मी ट्रे." आणि एक्सेलमधे नुसतं "कोपऱ्यावरचे काका". जीएसटी नंबर असेल तर सोपं, त्या १५ अक्षरांत पहिले दोन आकडे राज्याचे (आपले २७) आणि पुढची दहा म्हणजे पॅन, त्यामुळे नाव कसंही लिहिलेलं असो, पार्टी पकडता येते. पण उधारीवाल्या छोट्या गिऱ्हाइकाकडे कुठला आलाय जीएसटी नंबर! सुरुवातीला एका कामात आम्ही मोबाईल नंबरवरून जुळवलं आणि फसलो, बापलेकांची दुकानं वेगळी पण नंबर एकच, दोघांची उधारी एका खात्यात गेली आणि मुलगा भांडायला आला. तेव्हापासून शंका असलेली नावं आम्ही स्वतःहून जोडत नाही, यादी काढून तुमच्यासमोर ठेवतो.

मालाचं त्याहून किचकट. एचएसएन कोडवरून (जीएसटीसाठी मालाच्या प्रकाराला दिलेला नंबर) जुळवा म्हणाल तर लोखंडी स्क्रू, नट, बोल्ट सगळे ७३१८ मधेच येतात. आणि युनिट! मेनला पाईप नगावर, गोडाऊनला फुटावर, म्हणजे तिकडचे १२० फूट हे २० फुटी ६ पाईप आहेत की १० फुटी १२, हे कॉम्प्युटरला कुठून कळणार, ते तुमच्या गोडाऊनवाल्यालाच माहीत.

तारखांकडे बारीक लक्ष द्या. ०३/०४/२०२४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, पण ज्या कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन आहे तो ४ मार्च धरतो आणि बिल थेट मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतं. गंमत म्हणजे १३ तारखेपासून पुढच्या तारखा उलट्या होतच नाहीत कारण तेरावा महिनाच नाही, त्यामुळे वरवर बघितलं तर सगळं बरोबर वाटतं.

एक्सेल आकड्यांच्या सुरुवातीचं शून्य खातं आणि १५ आकड्यांच्या पुढचं सगळं शून्य करून टाकतं, बँक अकाउंट नंबर असेल तर झालंच कल्याण. म्हणून तो कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवा, नंतर केलं तर गेलेले आकडे परत येत नाहीत.

नावं जुन्या मराठी फॉन्टमधे (श्री-लिपी, कृतिदेव वगैरे) टाईप केली असतील तर नव्या सॉफ्टवेअरमधे इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. घाबरू नका, युनिकोडमधे (सगळीकडे सारखं दिसणारं टायपिंग) बदलून मिळतं, फक्त कऱ्हाडकर, नऱ्हे असली नावं बदलताना त्यातला ऱ्ह बिघडू शकतो, म्हणून ती आम्ही एकेक डोळ्याने तपासतो.

आमच्याकडे येताना तिन्हीकडचा बॅकअप आणि ३१ मार्चच्या बाकीची प्रिंट आणा, नव्यातली एकूण येणी-देणी त्याच्याशी पैशापर्यंत जुळल्याशिवाय आम्ही काम झालं म्हणत नाही. जुना कॉम्प्युटर लगेच भंगारात देऊ नका, दोन महिने तरी राहू द्या. आणि गोडाऊनवाल्या माणसाला दोन दिवस आमच्यासोबत बसू द्या, चहा आमच्याकडून.