गाडी उलाळते तेव्हा

गळिताच्या हंगामात संकेश्वर-चिकोडी भागातल्या कुठल्याही चढावर थोडा वेळ उभं राहा, हे दृश्य दिसतंच. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर गतिरोधकापाशी थांबतो, ड्रायव्हर क्लच सोडतो, आणि पुढची चाकं रस्ता सोडून वीतभर वर येतात. इंजिन गुरगुरतं, नाक हवेत तरंगतं, मग हळूच खाली टेकतं. एकदा एका वयस्क ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाले, "हुक जेवढा वर, तेवढं नाक उचलतंय बघा. म्हणून हुक खाली ठेवायचा आणि पुढं लोखंड टांगायचं."

बैलगाडी हाकणाऱ्यांकडे यासाठी फार नेमका शब्द आहे : गाडी उलाळली. मागं भार जास्त झाला की जू वर येतं आणि बैलांच्या मानेवर वजन राहत नाही. फरक एवढाच, की बैलगाडी भरताना चुकलं तर ती उभ्या जागी उलाळते. मोटार मात्र वेग घेताना, म्हणजे फक्त जोर लावल्यामुळे उलाळते. ड्रॅग रेसिंगमधली सुरुवात हा सगळा याच उलाळण्याचा खेळ आहे.

ड्रॅग रेस म्हणजे सरळ धावपट्टीवर उभ्या गाडीनं सुटायचं आणि ठरलेलं अंतर, बहुधा पाव मैल म्हणजे 402 मीटर, कमीत कमी वेळात कापायचं. त्यातले पहिले 60 फूट, म्हणजे साधारण 18 मीटर, वेगळे मोजतात, कारण तिथं वाया गेलेला वेळ पुढं भरून निघत नाही. आमच्या बेळगावात गाड्यांच्या नादी लागलेली पोरं आधी इंजिनच्या मागं लागतात. माझं त्यांना सांगणं असतं, की इंजिनचा जोर रस्त्यावर उतरतो तो टायरच्या तळहाताएवढ्या ठशातून. त्या ठशावर वजन किती आणि ते कधी येतं, हे आधी बघा.

किती, हे गणित शाळेतलं आहे. इंजिन चाकांमार्फत रस्त्याला मागं ढकलतं, म्हणून रस्ता गाडीला जमिनीच्या पातळीवर पुढं ढकलतो. गाडीचं वजन मात्र गुरुत्वमध्याशी, म्हणजे सगळं वजन जिथं एकवटलंय असं धरता येतं त्या बिंदूशी, जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या आसपास वर, मागं राहू पाहतं. जोर खाली आणि अडवणूक वर, म्हणून गाडी मागं कलते. पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर किती वजन जाईल, हे काढायला वस्तुमानाला त्वरणानं आणि गुरुत्वमध्याच्या उंचीनं गुणायचं, आणि पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरानं भागायचं. ट्रॅक्टरवाल्याचा हुक आणि मोटारीचा गुरुत्वमध्य इथं एकच काम करतात.

आता 1000 किलोची एक हॅचबॅक घ्या. चाकांमधलं अंतर 2.45 मीटर, गुरुत्वमध्य 55 सेंटिमीटरवर, पुढच्या चाकांवर 620 किलो, आणि इंजिन पुढचीच चाकं फिरवणारं. टायरची पकड भाराच्या 0.9 पट धरली, तर ही गाडी जास्तीत जास्त 0.46 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या 0.46 पट, इतकंच त्वरण घेऊ शकते, कारण तेवढ्यात पुढचे 104 किलो मागं निघून गेलेले असतात. त्याच मापाची, पण पुढं-मागं 500-500 किलो असलेली आणि मागची चाकं फिरवणारी गाडी घेतली, तर मागं 127 किलोची भर पडते आणि आकडा 0.56 जी वर जातो. पहिल्या 18 मीटरमध्ये पाव सेकंदाचा फरक, आणि इंजिनला हातही लावलेला नाही. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी जितका जोर लावेल, तितकी स्वतःच्या पायाखालची पकड सोडत जाते.

खानापूर तालुक्यातल्या रस्त्यांवर पावसाळ्यात याचा पडताळा फुकट मिळतो. जांबोटीकडच्या लाल मातीच्या चढावर जुलैत माझी गाडी अशीच अडकली होती. चाकं जागच्या जागी फिरत होती, चिखल दरवाजापर्यंत उडत होता. गावातला एक पोरगा आला आणि म्हणाला, "काका, उलटी घाला की." गाडी वळवून रिव्हर्समध्ये घातली आणि ती चढली. चढावर वजन उताराच्या बाजूच्या चाकांकडे सरकतं. रिव्हर्समध्ये जाताना तिथं पुढची, म्हणजे इंजिन फिरवतं तीच चाकं असतात.

मग सस्पेन्शननं, म्हणजे चाकं आणि सांगाडा यांच्या मधल्या स्प्रिंग-शॉकअपनं, काय होतं? आधी एक गैरसमज दूर करायला हवा. गाडीचा मागचा भाग खाली बसला म्हणजे मागं वजन आलं, असं सगळे समजतात. वरच्या सूत्रात स्प्रिंग कुठंच नाही. मऊ स्प्रिंग घाला की कडक, एकाच त्वरणाला एकूण वजन तेवढंच सरकतं. मऊ स्प्रिंगवर ते डोळ्यांना जास्त दिसतं, इतकंच. म्हणूनच गाडी खाली आणण्यासाठी स्प्रिंग कापणाऱ्यांची मला हळहळ वाटते. वरच्या हॅचबॅकचा गुरुत्वमध्य पूर्ण 5 सेंटिमीटर खाली आणला, तरी 0.464 चा आकडा 0.471 होतो, म्हणजे दीड टक्का. त्यासाठी पहिल्याच गतिरोधकावर गाडीचं पोट घासतं, आणि कापलेली स्प्रिंग खड्ड्यात आपल्या जागेवरून सुटू शकते. डिकीतलं सामान आणि स्टेपनी काढून ठेवणं याहून सोपं आहे.

सस्पेन्शनच्या हातात असते ती वेळ. रस्त्यावरच्या गाडीचा सांगाडा स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा झुलतो. म्हणजे क्लच सोडल्यापासून गाडी कलून स्थिर व्हायला सेकंदाचा तिसरा हिस्सा तरी जातो. टायर सुटतं ते बहुतेक वेळा याच मधल्या क्षणात, वजन अजून वाटेत असताना.

ती वाट शॉकअप ठरवतात. शॉकअपमधलं तेल बारीक छिद्रांतून जाताना हालचालीला विरोध करतं. दबताना वेगळा, उघडताना वेगळा, आणि चांगल्या शॉकअपमध्ये हे दोन्ही विरोध वेगवेगळे जुळवता येतात. मागची चाकं फिरवणाऱ्या गाडीत पुढचा शॉकअप उघडताना सैल ठेवतात, म्हणजे नाक झटकन वर येतं. मागचा शॉकअप दबताना कडक ठेवतात, म्हणजे भार स्प्रिंगची वाट न बघता शॉकअपमधूनच टायरवर पोचतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत नाक उंच जाऊ नये आणि चाक थडथडू नये म्हणून पुढचा शॉकअप उघडताना थोडा घट्ट करतात, मागची स्प्रिंग कडक घेतात. त्यानं मागं जाणारं वजन थांबत नाही, झुलणं थांबतं. इथं जास्त कसलं तर उलटंच होतं : शॉकअप चाकालाच वर ओढून धरतो आणि उरलीसुरली पकडही जाते.

याहून खोल आणि मला सर्वात सुंदर वाटणारी गोष्ट म्हणजे मागचा ॲक्सल, मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा कणा, गाडीला नक्की कुठं ढकलतो ती. ॲक्सल ज्या दांड्यांनी सांगाड्याला जोडलेला असतो, त्यांच्या रेषा बाजूनं बघत पुढं वाढवल्या तर एका बिंदूत मिळतात. ॲक्सलचा धक्का जणू त्या बिंदूतून लागतो. मागच्या टायरच्या ठशापासून त्या बिंदूतून रेषा काढा आणि पुढच्या चाकाच्या बरोबर वर ती किती उंचीला पोचते ते बघा. गुरुत्वमध्याच्या उंचीला पोचली, तर मागचा भाग बसतही नाही आणि उठतही नाही. सगळा वाढीव भार दांड्यांमधून थेट जातो. रेषा त्याहून वर गेली तर सुटताना मागचा भाग उचलला जातो, आणि सांगाडा वर ढकलताना त्याची प्रतिक्रिया टायरला खाली दाबते. मागं बसणारी गाडी जोरदार सुटते असं वाटणाऱ्याला हे उलटं वाटेल, पण धावपट्टीवर मागून उठणाऱ्या गाड्या चांगल्या सुटताना दिसतात. हाव मात्र नको. हा दाब क्षणाचा असतो. सांगाडा वर जायचा थांबला की टायर हलकं पडतं.

पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाड्यांची, म्हणजे जुन्या जीप आणि जिप्सीची तऱ्हा वेगळी. चाक पुढं फिरतं तेव्हा ॲक्सलचं घर उलट्या दिशेनं पीळ घेतं, पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो, मग सुटतो, पुन्हा वाकतो. मागून धडधड ऐकू येते ती हीच. उपाय म्हणजे पाट्याच्या पुढच्या अर्ध्या भागाला घट्ट पट्ट्या, किंवा पीळ अडवणारा दांडा. शिवाय प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनकडून मागच्या ॲक्सलला जोर पोचवणाऱ्या दांड्याचा पीळ अख्ख्या ॲक्सलला आडवा कलवतो आणि उजवं मागचं चाक हलकं होतं. साध्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरांमध्ये, हलकं चाक सुटलं की दुसऱ्याचीही ओढ जाते, म्हणून रेसवाले उजव्या मागच्या स्प्रिंगमध्ये हवेची पिशवी घालून त्या बाजूला आधीच थोडा दाब देतात.

टायरच्या हवेबद्दल थोडक्यात : इंजिन फिरवतं त्या चाकांची थोडी कमी, बाकीच्यांची पूर्ण, आणि धावपट्टीवरून निघताना सगळी परत भरून घ्यायची. चाक थोडंसं घसरत फिरतं, म्हणजे गाडीच्या वेगापेक्षा साधारण 10 ते 20 टक्के जास्त, तेव्हा पकड सर्वाधिक असते. जळक्या रबराचा धूर निघाला की ती हद्द केव्हाच मागं पडलेली असते.

हे सगळं बंद धावपट्टीसाठी. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 189 नुसार गुन्हा आहे, आणि रात्रीच्या हायवेवर ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीला मागचे दिवे असतीलच असं नाही. शिवाय सुटण्यासाठी जुळवलेली गाडी ब्रेक आणि वळणाला कमजोर पडते. पुढचे शॉकअप सैल आणि अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं कलणं रोखणारा दांडा) सोडलेला अशा गाडीनं चोर्ला घाट उतरायला जाऊ नका. शॉकअपचे आकडे वहीत लिहून ठेवा आणि परतीच्या प्रवासाआधी पूर्ववत करा.

जुळवणी नेमकी काय करते हे बघायला महागडी यंत्रं लागत नाहीत. चाकाच्या वरच्या कमानीवर पुढं आणि मागं सेलोटेपचा एकेक तुकडा लावा, टायर आणि रिमवर मिळून खडूची एक सरळ रेघ ओढा, आणि मित्राला बाजूला सुरक्षित अंतरावर बसवून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये सुटतानाचा व्हिडिओ घ्यायला सांगा. नाक किती वेळात वर आलं, चाक फिरायला लागलं तेव्हा मागचा टेप कुठं होता, हे फ्रेम मोजून कळतं. थांबल्यावर खडूची रेघ बघा. ती तुटलेली असेल तर टायर रिमवरच सरकलं, म्हणजे हवा जास्त कमी केली. एका वेळी एकच गोष्ट बदला, निदान तीनदा सुटून बघा, आणि मगच पुढच्या नटाला पाना लावा.